‘ऑपरेशन झालं का?’ याच्या पुढचे प्रश्न

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन चालते. वाचन आटोपल्यावर बायका आणखी अर्धा तास बसतात. तो अर्धा तास या आरोग्याच्या पानासाठी आम्ही मागून घेतला आहे. मागच्या रविवारी रक्त कमी असण्यावर बोलायचे ठरले होते, पण विषय निघाला भलताच. धुणीभांडी करणाऱ्या एक ताई, वय पन्नाशीच्या पुढे, म्हणाल्या, “माझ्या दारात सरकार एकदाच आलं. दुसरं पोर झालं तेव्हा नर्सबाई आल्या, ‘ऑपरेशन झालं का?’ म्हणून. चोविसाव्या वर्षी करून घेतलं. त्याला आता तीस वर्षं झाली. कंबर गेली, पाळी जाताना महिना महिना रक्त गेलं, पण परत कुणी विचारायला आलं नाही.”

दुसऱ्या एक आजी हसत म्हणाल्या, “आता टीव्हीवर सांगत्यात, मुलं जास्त होऊ द्या. मग आमची ऑपरेशनं उलगडायची का काय?” सगळ्या जणी हसल्या. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लोकसंख्येचे आकडे काढून बसलो. त्यातून जे हाती लागले ते वस्तीतल्या प्रत्येक घराने वाचावे असे आहे.

आधी एक आकडा समजून घेऊ. एका बाईला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात, याला एकूण जननदर म्हणतात. तो २.१ च्या आसपास आला की आईबापांच्या जागी तेवढीच मुले येतात आणि लोकसंख्येची वाढ हळूहळू थांबते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली देशाचा हा दर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तो २.० झाला, महाराष्ट्राचा १.७. आणि बौद्धांचा? १.३९. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत तो १.७४ होता. पाचव्या पाहणीत देशातल्या मोठ्या धर्मसमूहांमध्ये सर्वांत कमी मुले आपल्या घरांत जन्माला येत आहेत. अशा पाहणीत बौद्ध घरे मुळात थोडी असतात, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण कल तोच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली, बौद्धांची ६.१ टक्क्यांनी. (यात आपल्याच काही लोकांनी जनगणनेत धर्म बौद्ध लिहिला नाही, हाही भाग आहे. त्यावर पुढे बोलू.)

म्हणजे ‘झोपडपट्टीतले लोक मुलांची रांग लावतात’ हे जे आपल्याला बसमध्ये, दवाखान्यात, कामाच्या घरी ऐकावे लागते, ते खोटे आहे. शिक्षण, शहरात राहण्याचा खर्च आणि बायांनी स्वतः घेतलेले निर्णय यांमुळे आपल्या घरांतला पाळणा केव्हाच थांबला. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१ टक्के होती, देशाची ७३. हा बाबासाहेबांच्या ‘शिका’चाच परिणाम आहे, असे आम्ही मानतो.

मग सरकार आणि संशोधक अजून तोच जुना प्रश्न का विचारतात, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संततिनियमनाचा विचार आपल्याकडे सरकारी हुकमाने आलेला नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार करावा असा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांनी तयार केलेले भाषण स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडले. गरिबी हे कारण त्यात होतेच, पण लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगणारी आई हेही तितकेच मोठे कारण होते. ठराव फेटाळला गेला. त्या भाषणात बाई केंद्रस्थानी होती, हे लक्षात ठेवा. कारण नंतर ती तिथून हलली.

१९५२ साली भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. लाल त्रिकोण, ‘दोन किंवा तीन पुरेत’ हे सगळे नंतर आले. त्या काळी जगभरच्या तज्ज्ञांना एकच भीती होती: गरीब देशांत माणसे फार झाली. ज्या वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याच १९५६ साली मुंबईत लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली. आज ती गोवंडी स्टेशनजवळ देवनारला आहे आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. गोवंडी, चेंबूर, मानखुर्दच्या आपल्या वस्त्यांपासून ती रिक्षाच्या अंतरावर आहे. देशातल्या बायांबद्दलचे जे आकडे आपण वाचतो त्यांतले पुष्कळसे तिथेच तयार होतात, ही गोष्ट आम्हाला नेहमीच विशेष वाटते.

आणीबाणीत त्या भीतीचे काय झाले ते जुन्या लोकांना आठवत असेल. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. शिक्षकांना, तलाठ्यांना ‘केसेस’ आणण्याचे आकडे ठरवून दिले होते आणि आकडा भरला नाही तर पगार अडत असे. अशा वेळी कोण पकडले जाणार? ज्याला नाही म्हणण्याची ताकद नाही तो. शस्त्रक्रियेनंतर झालेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद नंतर शहा आयोगापुढे आली. आपले महाराष्ट्र यात मागे नव्हते. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचे विधेयक १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

१९७७ साली लोकांनी मतपेटीतून राग काढला. त्यानंतर कुठल्याही सरकारची पुरुषांच्या नसबंदीला हात लावायची हिंमत झाली नाही. कार्यक्रम मात्र बंद झाला नाही, तो सगळाच्या सगळा बायांच्या पोटावर आला. आज देशात विवाहित बायांपैकी जवळपास ३८ टक्के बायांचे ऑपरेशन झालेले आहे. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या जणींचे. आणि पुरुषांचे? देशात ०.३ टक्के. हजारात तीन. बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा किती तरी सोपी आहे. पोट उघडावे लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तिने अंगातली ताकद जात नाही, पुरुषपणही जात नाही. फक्त पहिले तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि नंतर एकदा वीर्य तपासून घ्यावे लागते. एवढे असूनही आमच्या बैठकीत कुणाचा नवरा तयार झाल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. हा दोष सरकारचा एकट्याचा नाही, आपल्या घराचाही आहे.

१९९४ साली इजिप्तमधल्या कैरो शहरात लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली. तिथे विचार बदलला. लोकसंख्येचा प्रश्न म्हणजे बाईच्या आरोग्याचा, तिच्या हक्काचा आणि निवडीचा प्रश्न, असे देशांनी मान्य केले. भारताने १९९६ साली नसबंदीची लक्ष्ये कागदावरून काढून टाकली आणि २००० साली नवे लोकसंख्या धोरण आणले. कागदावर सारे चांगले झाले. पण २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एका दिवसात काही तासांत ८३ बायांची ऑपरेशने उरकली गेली. त्या शिबिरांतल्या डझनभराहून जास्त बाया मेल्या. त्यात आदिवासी, दलित, गरीब घरच्याच बाया होत्या. २०१६ साली देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सांगितले. धोरण दिल्लीत बदलते, वस्तीत पोहोचायला त्याला वीस वर्षे लागतात. असे आमचे मत झाले आहे.

संशोधनातले प्रश्न मात्र खरोखर बदलत गेले, आणि हे श्रेय द्यायला हवे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत भर होता तो मुले किती, साधन कुठले यावर. पुढे रक्त तपासणे आले, घरातली मारहाण विचारणे आले. चौथ्या फेरीपासून साखर आणि रक्तदाबही देशभर मोजू लागले. विचारल्यावर काय निघाले पाहा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के जणींचे रक्त कमी. पाच वर्षांपूर्वी हाच आकडा ४८ होता. मुले कमी झाली तरी बाईच्या अंगात रक्त वाढले नाही, उलट कमी झाले. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली आहे अशा ३० ते ४९ वयाच्या बाया देशात शंभरात दोनसुद्धा नाहीत.

आणि पिशवी काढणे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहाजणींत एक. कोयता बंद पडला तर मुकादम पैसे कापतो, पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, अंगावरून जाण्याचा त्रास आहे, त्यात डॉक्टर म्हणतो काढून टाका, कॅन्सर होईल. वर्षानुवर्षे हे चालू होते. पण ‘मुले किती’ एवढेच विचारणाऱ्या फॉर्ममध्ये याला रकानाच नव्हता. जी गोष्ट विचारली जात नाही ती सरकारच्या लेखी घडलेलीच नसते.

आपल्या वस्तीतही चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया आहेत. ज्यांना तसा सल्ला मिळाला आहे त्यांनी एक करावे. जीव धोक्यात नसेल तर घाई करू नये, सरकारी मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे आणि गोळ्यांनी किंवा दुसऱ्या उपायाने भागते का ते विचारावे. जिची पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, तिने मात्र एक आठवडाही थांबू नये.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे. वारे उलटे फिरू लागले आहे. २०२४ साली आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू लोकांना जास्त मुले होऊ द्या म्हणू लागले. दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्यांना स्थानिक निवडणुका लढवायला असलेली बंदी त्यांच्या सरकारने उठवली. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या एका भाषणात सरसंघचालक मोहन भागवत यांनी प्रत्येक कुटुंबात तीन मुले असावीत असे सांगितले. आणि इथे महाराष्ट्रात? १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, हा नियम आहेच. तो बाईवरच जास्त पडतो. राखीव जागेवर कशीबशी उभी राहिलेली दलित बाई, जिच्या घरात मूल होऊ द्यायचे की नाही हे सासू आणि नवरा ठरवतात, तीच अपात्र होते. एकीकडे तिसऱ्याची शिक्षा, दुसरीकडे तिसऱ्याचा उपदेश. काल बाईचे पोट बंद करायला आलेले उद्या ते उघडायला येतील, तेव्हा आपले उत्तर एकच असावे. किती आणि केव्हा, हे जिला कळा येतात ती ठरवेल. ज्या तरुण मुलींना आत्ता ऑपरेशन नको आहे, त्यांच्यासाठी तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, ‘छाया’ गोळी आहे. सरकारी केंद्रात ही सगळी फुकट मिळतात. आशाताईंना नावाने मागा.

कमी मुलांची दुसरी बाजू म्हातारपणी दिसते. ज्या घरांत एक मुलगा किंवा एक मुलगी आहे, त्या घरांत वीस वर्षांनी दोन-दोन, चार-चार म्हातारी माणसे एका कमावत्याच्या जिवावर असतील. देवनारच्या त्याच संस्थेने २०१७-१८ पासून ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर माणसांची मोठी पाहणी सुरू केली आहे: गुडघे, डोळे, साखर, पैसा, एकटेपण. तरी धोरण अजून तिथपर्यंत आलेले नाही. वृद्धांसाठीच्या केंद्राच्या पेन्शनमध्ये ८० वर्षांखालच्या माणसाला केंद्राकडून महिन्याला २०० रुपये मिळतात. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत मिळून १५०० रुपये होतात. त्यासाठी वय ६५ आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. महिन्याला १७५० रुपयांत राहणारा माणूस मुंबईत जगेल कसा, हे तो दाखला देणाऱ्याने तरी सांगावे.

याहून कठीण गोष्ट ही की आपण म्हातारपणापर्यंत पोहोचतो का. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या राज्यांसह नऊ राज्यांचे आकडे तपासले होते. तिथे दलितांचे सरासरी आयुष्य सवर्णांपेक्षा तीन वर्षांहून अधिक कमी निघाले. आणि हा फरक नुसत्या गरिबीने उलगडत नाही, असेही दिसले. म्हणजे पैसा सारखा असला तरी जात आयुष्य खाते. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता. आपल्या राज्यात बौद्ध माणूस सरासरी किती जगतो, हा प्रश्न संशोधकांना आपण विचारायला हवा.

त्यासाठी आधी आपली मोजणी नीट व्हायला हवी. २०२१ ची जनगणना लांबली, नवीन जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातींचीही गणना होणार आहे. २०११ ला देशात ८४ लाखांवर बौद्ध नोंदले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. खरी संख्या याहून जास्त असावी असे कार्यकर्ते म्हणतात आणि आम्हालाही तसेच वाटते. धर्माच्या रकान्यात स्पष्ट ‘बौद्ध’ सांगा. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध असूनही अनुसूचित जातीत नोंद होते, तेव्हा जातीच्या रकान्यात यादीतले नाव सांगा. ‘नवबौद्ध’ हे त्या यादीतले नाव नाही. जात सोडून आलेल्या माणसाला ती पुन्हा तोंडाने सांगताना काय वाटते, हे आम्ही जाणतो. आमच्या बैठकीत यावर वाद झाला, अजून मिटलेला नाही. पण मोजणीच झाली नाही, तर तीन वर्षे कमी जगणारे कोण आहेत हे कुणाला कळणारच नाही.

दारात पाहणीवाली मुलगी आली तर आपण काय करतो? “घरी कुणी नाही,” म्हणतो. किंवा नवराच सगळी उत्तरे देतो. तिला नवऱ्यासमोर नव्हे, एकटीला बाजूला बसवून बोलण्याचा तुमचा हक्क आहे. पिशवी काढली असेल तर कोणत्या वयात आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते सांगा. ऑपरेशननंतरचा त्रास सांगा.

आम्ही मागच्या रविवारपासून विहारात एक वही ठेवली आहे. तीत पाच गोष्टी लिहितो: रक्त किती, साखर आणि रक्तदाब शेवटचा केव्हा तपासला, कॅन्सरची तपासणी झाली का, पिशवी आहे का, घरात साठीपुढचे कोण आहे आणि पेन्शन मिळते का. नाव लिहायचे की नाही हे जिचे तिने ठरवायचे. मुले किती, हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. पहिल्या ओळीत धुणीभांडी करणाऱ्या त्या ताईंची नोंद आहे. रक्त ८.४. या सोमवारी त्या कामावर खाडा करून दवाखान्यात जाणार आहेत, आणि सोबत आमच्यापैकी दोघी.